द्वेष कुणी मोजायचा?

टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद रंगतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये भरलेल्या अधिवेशनात कर्नाटकाचे द्वेषभाषण प्रतिबंधक विधेयक मंजूर झाले. पहिल्या गुन्ह्यासाठी १ ते ७ वर्षांची कैद, ५० हजार रुपयांचा दंड आणि अजामीनपात्र गुन्हा, असे त्याचे स्वरूप आहे.

निवृत्त शिक्षक असलेले आमचे गुरुजी या विधेयकाचे ठाम समर्थक आहेत. "द्वेषाची झळ संख्येने कमी असलेल्यांनाच आधी लागते," असे ते म्हणाले. "या विधेयकात धर्म आणि जातीबरोबर भाषा, जन्मस्थान, लिंग आणि अपंगत्वही आहे. मराठी बोलणाऱ्यांना हाकलून द्या, असे सांगून कुणी जमाव भडकवला, तर संरक्षण आपल्यालाच हवे आहे ना?"

यावर आमच्यातल्या वकिलाने जे सांगितले ते मला महत्त्वाचे वाटते. भाषा आणि जन्मस्थान हे आधार समाजगटांत तेढ पसरवणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या, जुन्या दंडविधानाच्या कलम १५३अ मध्ये होतेच आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये आहेत. तक्रारीची वाट न पाहता द्वेषभाषणाचे गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तीन राज्यांना आणि २०२३ साली सर्व राज्यांना दिला. तेव्हा उणीव आहे ती सर्वांना एकच माप लावण्याच्या इच्छेची, आणि ती नव्या कायद्याने कशी भरून निघणार?

खडेबाजारातला दुकानदार मित्र मात्र अस्वस्थ होता. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीतली घोषणाही उद्या द्वेष ठरेल, अशी त्याला धास्ती आहे, आणि ती मला निराधार वाटत नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा, ही मागणी महाराष्ट्र शासनाने २००४ साली स्वतःच सर्वोच्च न्यायालयात नेली आहे. जी गोष्ट एक राज्य न्यायालयात मांडू शकते, तीच नागरिकाने फलकावर लिहिली तर तो कुणाचा द्वेष होत नाही. पण त्याच फेरीत कुणी कन्नड माणसांना मारा, असे म्हणाला, तर त्याला आपला म्हणून पाठीशी घालता कामा नये, हेही मी स्पष्टपणे बोललो. दोघा-तिघांना ते रुचले नाही. तरीही माझे मत तेच आहे.

श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केला आणि इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरवले. मार्च २०२५ मध्ये, एका कवितेवरून गुन्हा दाखल झालेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी बजावले की, शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या दृष्टीने तपासावा, आणि ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा प्रकरणांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित ठरेल. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये या चौकशीसाठी १४ दिवसांची मुदत आहे. खरी मेख इथे आहे, कारण नव्या विधेयकात शिक्षेची कमाल मर्यादाच ७ वर्षे असल्याने ही तरतूद त्याला लागू होत नाही. म्हणजे ज्या गुन्ह्यात शब्दांचा अर्थ लावण्यावरच सारे अवलंबून आहे, तिथेच अर्थ तपासण्यासाठी मिळणारी सवड जाते आणि माणूस आधी कोठडीत जाऊ शकतो.

"ज्याच्या दारावर दगड पडतात, त्याने १४ दिवस थांबायचे का?" असे गुरुजींनी विचारले. दगडफेकीचा गुन्हा त्याच क्षणी नोंदवता येतो आणि बंदोबस्तही देता येतो, चौकशी केवळ बोललेल्या शब्दांची करायची आहे, असे वकिलाचे उत्तर होते. शिक्षेची मर्यादा ७ वर्षांच्या खाली आणावी किंवा प्राथमिक चौकशीची अट विधेयकातच घालावी, असे मी सुचवले. दुसरी सूचना गुरुजींनी मान्य केली, मात्र चौकशीचा निष्कर्ष तक्रारदाराला लेखी आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळाला पाहिजे, या अटीवर.