होतकरू निष्ठावंतास

निवडणूक लागली, गळ्यात उपरणं पडलं, डीपीवर साहेबांचा हात जोडलेला फोटो चढला की आपण निष्ठावंत झालो, असं पुष्कळांना वाटतं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! उपरणं कुणीही घालतं. निष्ठा टिकवायला लवचिक मान लागते आणि त्याहून लवचिक स्मरणशक्ती. म्हणून या चार गोष्टी सांगतोय. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तरी घ्या, कारण तुमच्या वॉर्डातला दुसरा इच्छुक त्या घेणारच आहे.

सगळ्यात आधी वैर कुणाशी ते ठरवा. विचार, धोरण, जाहीरनामा वगैरे सावकाश बघू. नाही सापडले तरी कुणी विचारणार नाही. वैर मात्र ठसठशीत हवं. 'समोरच्याचं हे धोरण चुकतंय' असं म्हणणारा कार्यकर्ता पक्षाच्या काय कामाचा? समोरचा विकला गेलाय, गद्दार आहे, धर्माच्या, जातीच्या, गेला बाजार महाराष्ट्राच्या तरी मुळावर उठलाय, असं छाती ठोकून सांगता आलं पाहिजे. कुणी रस्त्यावरचा खड्डा दाखवला तर उलट विचारायचं, 'तेव्हा कुठे होतात?' हा प्रश्न कुठल्याही मापाच्या खड्ड्यात बसतो.

एकच पथ्य पाळा. वैर नेहमी साहेबांच्या मुक्कामाचा अंदाज घेऊन करा. २०१९च्या विधानसभेपर्यंत सिंचन घोटाळ्यावर घसे फोडणाऱ्यांची गोष्ट आठवा. त्यांच्या पक्षाने, म्हणजे भाजपने, कधीकाळी त्या घोटाळ्याचे पुरावे बैलगाडीतून वाहून नेले होते. २३ नोव्हेंबरच्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन टीव्ही लावला, तर पहाटे ५.४७ला राष्ट्रपती राजवट उठलेली आणि राजभवनावर शपथविधी आटोपलेला, तोही त्या घोटाळ्यावाल्यांनाच सोबत घेऊन! ज्यांनी घाईघाईने जुन्या पोस्टी उडवल्या ते चौथ्या दिवशी पस्तावले. २६ला राजीनामे पडले आणि बैलगाडी पुन्हा जुंपायची वेळ आली. पलीकडे शिवसैनिकांचेही हाल काही कमी नव्हते. ज्यांचा जन्म काँग्रेसला शिव्या घालण्यात गेला, ते २८ला शिवाजी पार्कवर काँग्रेसच्या पाठिंब्यावरच्या शपथविधीला टाळ्या पिटत होते. पुढे २ जुलै २०२३ला अजित पवार भाजपसोबतच्या सरकारात आले आणि बैलगाडी कायमची गोठ्यात गेली. तात्पर्य काढू नका, पोस्ट काढू नका. 'ओन्ली मी' करून ठेवा. आज ना उद्या लागते.

जून २०२२चा धडा तर निष्ठावंतांच्या अभ्यासक्रमातच घालायला हवा. शिवसेनेचे आमदार सुरतेमार्गे गुवाहाटीला. तिथून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील'. त्याच दिवसांत इकडे महाराष्ट्रात कार्यकर्ते काय करत होते? पुतळे जाळत होते, बोर्डांना काळं फासत होते. कालपर्यंत एकाच ताटात जेवलेले दोघं शाखेच्या किल्लीवरून एकमेकांच्या कॉलरला हात घालत होते. मग १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांचं चुकलं, पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलाय तेव्हा आता मागे जाता येत नाही. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला: दोन्हीकडचे सगळे आमदार पात्र. दीड वर्षं एकमेकांना गद्दार म्हणून झाल्यावर कायद्याच्या लेखी गद्दार कुणीच निघाला नाही. काळं फासणाऱ्यांचे गुन्हे मात्र रीतसर नोंदलेले होते.

हे सगळं आधी कळलं असतं का? कळलं असतं. त्यासाठी दिल्लीत ओळख लागत नाही, फ्लेक्सवाल्याकडे बसावं लागतं. संध्याकाळी साडेसातनंतर जा. त्याच्या कॉम्प्युटरवर तालुक्यातल्या एकूणएक साहेबांचे बॅकग्राउंड काढलेले फोटो तयार असतात. वर राष्ट्रीय नेत्यांचे गोल चेहरे, मध्ये साहेब पूर्ण उंचीचे, खाली 'शुभेच्छुक' म्हणून गल्लीतली बारा-पंधरा मुंडकी, सगळी एका मापाची, कारण एक जरी बोटभर मोठं झालं तर रात्री राडा. साहेबांचा पाय कुठे वळतोय ते वार्ताहरांच्या आधी या माणसाला कळतं. वाढदिवसाची ऑर्डर येते आणि सोबत निरोप, 'वरची लाईन अजून टाकू नकोस, बॅकग्राउंड साधा ठेव.' तो माऊस बाजूला सरकवतो, तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, 'भाऊ, तुमचं मुंडकं ठेवू ना?' कुणाला जाहीर शिवी देण्याआधी इथे एक चक्कर मारून यायला पैसे पडत नाहीत.

आता थोडं डावपेचांबद्दल. बूथ ताब्यात घ्यायचे दिवस गेले. हल्लीचं काम शाकाहारी आहे. विरोधी उमेदवाराच्या नावाचा माणूस शोधा. रायगडला २०१४च्या लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच यादीत सुनील तटकरे नावाच्याच अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. २०२४ला त्याच रायगडात अनंत गीते तीन होते. हे नामबंधू आपापल्या हौसेनेच उभे राहिले असं आपण समजू. लोकशाहीत नाव ठेवायला आणि नाव पुढे करायला कुणालाच बंदी नाही. फक्त हौस महाग असते. लोकसभेचं डिपॉझिट २५ हजार, अपक्षाला सूचक दहा लागतात, शिवाय प्रतिज्ञापत्र, नोटरी, झेरॉक्स. ज्या गृहस्थाने आयुष्यात ग्रामपंचायतीचाही अर्ज भरला नाही, त्याला एवढं सगळं एका दुपारी कुणी जमवून दिलं, असले प्रश्न निष्ठावंताच्या मनात येऊ नयेत. आले तर दहा सूचकांत आपलं नाव नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

नाव जुळत नसेल तर चिन्ह बघा. २०२४ला साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' ३२,७७१ मतांनी हरला. माणूस नसलेली नुसती तुतारी घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाने ३७,०६२ मतं नेली. एवढ्या सातारकरांना अचानक वाद्यसंगीताची गोडी लागली, ही सांस्कृतिक घटनाच म्हणायची!

पैशाबद्दल लिहीत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे आणि ती सगळे पाळतात. हिशेब सादर होतात, मंजूरही होतात. आदल्या रात्री गल्लीतले दिवे जातात आणि लक्ष्मी दारोदार फिरते, त्याला आपण भाविक लोक काय करणार?

त्यापेक्षा महत्त्वाचं काम घरी आणि आळीत आहे. भांडण सभेपुरतं राहिलं तर लोक रात्री झोपतात, सकाळी विसरतात. म्हणून ते सोसायटीच्या ग्रुपवर न्या, नात्यात न्या, वाण्याच्या दुकानात न्या. मेहुण्याने वेगळ्या पक्षाचं स्टेटस ठेवलं तर भाऊबीजेला गैरहजर राहा. क्लिप पाठवताना सुरुवातीचा आणि शेवटचा भाग कापा, मधल्या अकरा सेकंदांत माणूस हवं ते बोलतो. यात मराठवाड्याने फार प्रगती केली. बीडची लोकसभा २०२४ला ६,५५३ मतांनी सुटली, पण ती मतं मोजून झाल्यावरही लोक मोजतच राहिले: कुठल्या गावात किती, कुठल्या आडनावाची किती. अमक्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, तमक्यांच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, अशा पोस्टी फिरल्या. पुढच्या वर्षी तर बीडच्या पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावंच काढली, म्हणजे फिर्याद द्यायला आलेला माणूस आधी टेबलावरची जात वाचत बसणार नाही. एखाद्या जिल्ह्यात खाकी वर्दीला स्वतःचं आडनाव झाकावं लागतं, एवढं भरघोस पीक कुठल्या बियाण्याने येतं, याचा अभ्यास दौरा पक्षाने जरूर काढावा. खर्च कुणीही देईल.

एवढं सगळं केल्यावर तिकिटाची अपेक्षा ठेवायची का? ठेवा ना, आशेला जीएसटी नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ला संपली आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळजवळ चार वर्षं इच्छुकांनी हळदीकुंकू, दहीहंडी, आधार शिबिरं, देवदर्शनाच्या बसगाड्या असं सगळं पदरमोड करून केलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचे कागद, कुणाच्या हातात दिसले? आदल्या आठवड्यात पलीकडून 'प्रवेश' केलेल्यांच्या. पुण्यातून तर प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची बातमी आली. गिळणाऱ्याची भूक मी समजू शकतो. ज्याला तुम्ही पाच वर्षं भ्रष्ट म्हणालात त्याच्याच पत्रकावर आता खाली तुमचं मुंडकं. मोठ्या मनाने वाटा. लोक विचारतील, 'अहो, हेच ना ते?' तर म्हणायचं, 'पक्षाचा आदेश.' हे दोन शब्द पाठ असले की बाकी काही पाठ करायची गरज पडत नाही.

राहता राहिले गुन्हे. राजकीय आंदोलनांतले खटले सरकार मागे घेतं, तसे शासन निर्णय निघतात. जीवितहानी झालेली नको, नुकसान ठरावीक रकमेच्या आत हवं, अशा अटी असतात. तेव्हा दगड उचलण्याआधी काचेची किंमत विचारून घ्या. सरकारी नोकराच्या अंगावर मात्र जाऊ नका, ते कलम जड पडतं. पोराच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी निघाली की साहेबांचा फोन लागत नाही, पीए म्हणतो मीटिंगमध्ये आहेत.

आणि हो, तारखा चुकवू नका, वॉरंट निघतं. समजा, २०२२च्या राड्यात तुम्ही ज्याचं डोकं फोडलंत तो आता साहेबांच्या कृपेने तुमच्याच पक्षात आलाय. तो फिर्यादी, तुम्ही आरोपी, तालुक्याच्या कोर्टात हजर दोघांनाही राहायचंय. वेगवेगळ्या गाड्या कशाला नेता? त्याला सकाळी नाक्यावर बोलवा, एकाच मोटारसायकलवर जा. पेट्रोल निम्मं पडेल. हेल्मेट मात्र त्याला द्या.