गंजाचं ठीक, पण उन्हाचं काय?
‘नागपूरची हवा कोरडी, म्हणून जुन्या गाड्या इथे मुंबईपेक्षा जास्त टिकतात’ हे तुमच्या लेखातलं वाक्य पत्र्यापुरतं खरं आहे. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा तळ अजून ठणठणीत आहे. पण रबराचं काय? काचांच्या बिडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, भेगा, होज पाइप कडक, डॅशबोर्ड तडकलेला. पत्र्याला वेल्डिंग करता येतं, उन्हाने गेलेलं बिडिंग मापाचं मिळवायला मला दीड वर्ष लागलं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या जुन्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, ते वेगळंच खातं.

आणि मे महिन्यात ४५ अंशात गाडी बाहेर काढून बघा! पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यामुळे पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी भर वर्धा रोडवर, नेमकी सिग्नलला, बसते. बाबा डिकीत कायम एक फडकं आणि पाण्याची बाटली ठेवायचे. ओलं फडकं पंपाला गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग स्टार्टर. मागच्यांचे हॉर्न ऐकून घ्यायचे, दुसरं काय! बाकी १०८९ सीसीच्या त्या इंजिनाची काही तक्रार नाही बाप्पा. पुढच्या लेखात रबराचे भाग कुठे मिळतात तेवढं लिहा.