खुलासा: धारोष्ण दुधातून माणसाला आजार होऊ शकतो

‘ताज्या धारेत जंतू नसतात, जनावराचा रोग माणसाला लागत नाही,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. दूध कट्ट्यावरची धार इथे सगळ्यांच्या आवडीची, म्हणून स्पष्ट सांगतो: हे चूक आहे. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा रोग कच्च्या दुधातून माणसालाही लागतो.

1887 साली माल्टात लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जंतू सापडला. 1897 मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांना गाभडणाऱ्या (गर्भपात होणाऱ्या) गायींत ‘वेगळा’ जंतू मिळाला. दोन्ही सख्खे नातलग निघाले, पण ते अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये दाखवेपर्यंत वीस वर्षं गेली. या जंतूंमुळे होणारा रोग म्हणजेच ब्रुसेलोसिस.

जंतू कासेतूनच दुधात उतरतो. त्यामुळे भांडं कितीही स्वच्छ असलं तरी उपयोग नाही. दूध उकळूनच प्या. गाभडलेल्या म्हशीचा जार (वार) उघड्या हाताने ओढू नका. हातमोजे घाला, जार चुना टाकून खोल पुरा. लस फक्त मादी वासरांना (रेडी, कालवड), 4 ते 8 महिन्यांच्या वयात. ती जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टर गाठा.

चढउतार करणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी असेल तर घरी जनावरं आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर टायफॉइड समजून उपचार होतात.