अनुदान आलंय, आता पोरांना मैदानापासून लांब ठेवा

खो-खोचा मूळ दोष असा की त्याला काही लागत नाही. 120 ते 125 सेंटिमीटर उंचीचे दोन खांब, 27 बाय 16 मीटरची मोकळी जागा, फक्कीचं एक पोतं आणि संध्याकाळी ज्यांचा पाय घरात ठरत नाही अशी पोरं. झाला खेळ उभा. अशा फाटक्या खेळासाठी तुम्ही पैसे मागायला गेलात, तर साहेब चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, “पण यात खर्च काय आहे?” म्हणून पहिला सल्ला असा, की आधी खर्च तयार करा. खेळाचं नंतर बघू.

दिवस सध्या चांगले आहेत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले निघाले. तेव्हापासून ज्यांना दोन खांबांमधल्या पाटीवर गडी किती बसतात हे माहीत नाही (आठ; नववा पळतो), त्यांनाही खेळाच्या संवर्धनाची काळजी लागली आहे. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद त्यामुळे आपसूक लिहून होतो. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम बसवायला घेतले, 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले, हे टाका. ‘मातीतला खेळ’ तीनदा आला पाहिजे, ‘ग्रामीण गुणवत्ता’ दोनदा. पोरांची नावं घालू नका. त्यांच्यासाठी ‘लाभार्थी’ नावाचा रकाना आहे आणि त्यात फक्त आकडा बसतो.

आता संस्था. गावात पीटीचे एखादे गुरुजी वर्षानुवर्षं शाळा सुटल्यावर पोरं खेळवत असतील, तर त्यांना अलगद बाजूला करा. त्यांच्याकडे शिट्टी आहे, नोंदणी नाही. संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्याला सात माणसं लागतात. तुम्ही, वहिनी, दोन भाऊ आणि मेहुणा धरले की पाच झाले. उरलेले दोन असे घ्या, ज्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो असतो. मग घटना, धर्मादाय कार्यालयातली नोंद, लेखापरीक्षणाचे अहवाल, पॅन, बँकेचं पासबुक, ग्रामपंचायतीचा ठराव, ना हरकत दाखला आणि जागेचा सातबारा. सातबाऱ्याशी मात्र जपून. मैदान शाळेचं, शाळा जिल्हा परिषदेची आणि जमीन गायरान, असा उलगडा होण्याचा संभव दाट असतो. कागद जुळेपर्यंत चौदा वर्षांखालचा संघ सतरा वर्षांखाली जातो. तेव्हा वयोगटाचा रकाना पेन्सिलीनं भरावा.

रक्कम लहान म्हणून कागद कमी लागतील, असा बालिश विचार मनात आणू नका. मोठी रक्कम मोठ्या विश्वासानं दिली जाते. दोन लाखांवर मात्र सगळ्यांची बारीक नजर असते.

खरी परीक्षा मागणीच्या पानावर आहे. इथे नवशिके हमखास घसरतात, कारण ते खरं लिहितात. जिल्ह्याच्या निवड चाचणीला बारा पोरी न्यायच्या तर एसटीचं जाता-येता भाडं. दुपारी वडापावाऐवजी केळी आणि उकडलेली अंडी. खांबाजवळ सूर मारून सोललेल्या गुडघ्यांसाठी नीकॅप. मैदानावर पाणी मारायला टँकर. मुलींना कपडे बदलायला दार लागणारी एक खोली, कारण तेरा-चौदाव्या वर्षी चांगली पळणारी पोर खेळ सोडते ती बहुतेकदा या खोलीपायी. गुरुजींना महिन्याचं काही मानधन. असलं काही लिहिलंत तर फाईल दुसऱ्याच टेबलावर आडवी पडेल. भाडं, अंडी, मानधन हा ‘आवर्ती’ खर्च. तो एकदा दिला की पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागतो. (खोली आवर्ती नाही हे खरं, पण तिच्यासमोर फीत कापायला कोण येणार?)

खासदार निधीचं उदाहरण घ्या. वर्षाला पाच कोटी असतात, पण ते टिकाऊ सामूहिक मालमत्तेसाठी. पोर कुठे टिकाऊ असतं? ते वर्षभरात दोन इंच वाढतं, दहावीला जातं आणि पुढे कंपनीत लागतं. ट्रेडमिल मात्र जागेवरून हलत नाही. म्हणून ट्रेडमिल मागा. एका जागी पळण्याचं यंत्र हुलकावणीच्या खेळाला काय कामाचं, असं विचारणारा त्या साखळीत कुणी भेटत नाही. सोबत मल्टिजिम, डंबेलचा स्टँड आणि भिंतभर आरसा. तीन कोटेशन लागतील. तिन्ही एकच दुकानदार देतो, फक्त लेटरहेड वेगळी काढतो.

मॅटही जरूर मागा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यामुळे मागणीला तांत्रिक वजन येतं. मॅट आली की एकात एक अडकणारे ते दातेरी तुकडे शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत रचा. वरचं प्लास्टिक काढू नका, खराब होतील. किल्ली सचिवांकडे द्या आणि सचिवांना पुण्याला मुलाकडे पाठवा. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरं मॅट मागायला येतील. त्यांना सांगा, मातीत तयार झालेला गडी कुठेही खेळतो. मातीतला पाय मॅटवर कसा गपकन अडकतो हे पोरांना दुसऱ्या दिवशी पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतच कळतं, तुम्ही कशाला सांगायचं?

कंपनीकडे जायचं असेल तर तीही वाट मोकळी आहे. नफ्याचे जे 2 टक्के मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी खर्चायचे असतात, त्यांच्या कायदेशीर यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण चक्क लिहिलेलं आहे. तिथे टी-शर्ट मिळतील. छातीवर कंपनी, पाठीवर कंपनी आणि बाहीवर, जागा उरली तर, गाव. सगळे एकाच मापाचे येतात.

उद्घाटनावर कसर करू नका. मुळात अनुदान त्याचसाठी असतं. कोनशिलेवर नावांचा क्रम एकदा नाही, तिनदा तपासून घ्या. मंडप पाटीवरच घाला, म्हणजे मैदान समोर दिसतं. मंडपाचे खड्डे पुढे महिनाभर बुजत नाहीत, पण तोवर सरावाचं कुणाला सुचतंय. पाहुण्यांच्या हस्ते प्रतीकात्मक खो ठेवा. पाटीवर बसलेल्या पोराच्या पाठीला मागून हात लावायचा आणि त्याच क्षणी ‘खो’ म्हणायचं, नियम एवढाच. पाहुणे आधी खो म्हणतात, मग फोटोग्राफरकडे बघतात, मग हात लावतात. “साहेब, परत एकदा.” पोर उठतं, परत बसतं. शाळेच्या सामन्यात पंचांनी याला फाऊल दिला असता. चौथ्या वेळेला फोटो येतो, आणि त्यात पोराचं डोकं साहेबांच्या शालीमागे गेलेलं असतं. तोच छापा.

पैसे 31 मार्चच्या तोंडावर येतील आणि 31 मार्चच्या आत खर्चायचे असतील. या योगायोगाबद्दल कुठे बोलू नका. उपयोगिता प्रमाणपत्र, पावत्या आणि अक्षांश-रेखांश असलेले फोटो एका पाकिटात घाला. फोटोत ट्रेडमिल समोरून यावी. बाजूनं काढलात तर प्लग लावायला भिंतीत बोर्डच नाही हे दिसतं.

यथावकाश संघ कमी होतील. आधी मुलींचा जाईल, मग लहान गटाचा. गुरुजी निवृत्त होऊन शिट्टी नातवाला देतील. घाबरू नका, तुमच्या कामाचा हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे. आता नव्या प्रस्तावात छातीठोकपणे लिहिता येतं, की तालुक्यात खो-खो लोप पावत असून त्याच्या संवर्धनाची तातडीनं गरज आहे. लाभार्थ्यांचा आकडा जुनाच ठेवा. आणि या खेपेला एक ट्रेडमिल जास्त लिहा, पहिलीवर सचिवांच्या वहिनी पापड वाळवतात.