‘वायफाय सांगितलं, वायर ओढून गेले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

एक स्टार दिलात, तुमचा हक्क आहे. पण तुमचा रिव्ह्यू वाचून बाकीची गिऱ्हाइकं दुकानात विचारायला लागलीत, तेव्हा सगळ्यांसमोरच उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वायफाय सांगितलं तर आम्ही घरभर वायर ओढून बिल फुगवलं, ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून आतल्या खोलीत मोबाइलवर ५०-६०च येतात, नंतर नेट ये-जा करायला लागलं तेव्हा माणूस न पाठवता फोनवरच बोळवण केली, आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड तुम्हाला दिला नाही.

आधी वायर. गिरगावातली जुनी इमारत, विटांच्या हातभर जाड भिंती. फायबरचा डबा बाहेरच्या खोलीत दाराच्या वर, कारण लाइनवाल्याला तिथे सोपं पडलं. आतली खोली दोन भिंतींपलीकडे, आणि मधल्या भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं. तुम्हाला हवा होता रिपीटर. आता आतल्या खोलीत जे रडतखडत पोचतं तेच उचलून तो पुढे देणार, ३०० कुठून आणणार? शिवाय स्वस्तातला रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. एकट्या माणसाला मेल बघण्यापुरतं चालून जातं. तुमच्या घरात पाच जण, त्यात दोघांच्या रात्री अमेरिकेबरोबर मीटिंगा. म्हणून राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत एक कॅट-६ केबल आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून नेट घेऊन त्याच खोलीत वायफाय देणारा डबा. रिपीटर विकून मोकळं होणं आम्हाला जास्त सोयीचं होतं, हेही सांगून टाकतो. अर्ध्या तासाचं काम.

भोक पाडायला घरमालकांची परवानगी नव्हती, त्यामुळे केबल चौकटींच्या वरून, पट्टीतून नेली. ती डोळ्यावर येते, खरंय.

आधीच्या भाडेकरूंची वायर होती, ती का नाही वापरली, असंही लिहिलंय. वापरून पाहिली, तुम्ही समोर उभे होतात. लॅपटॉप लावला तर लिंक १००वर अडकली. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, चार तारांवर १००च्या वर जात नाही. आमच्या मुलाने दोन्ही टोकांचे जॅक कापून नवे क्रिंप केले, तरी टेस्टरवर सातवा आणि आठवा दिवा लागेना. म्हणजे तपकिरी जोडी मध्येच, बहुतेक माळ्यामागे कुठेतरी तुटलेली. ती शोधायला माळा रिकामा करावा लागला असता. तो कुणाच्या सामानाने भरलाय यावर तुमच्यात तिथेच वाद सुरू झाला, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

लॅमिंग्टन रोडला केबल निम्म्या भावात मिळते म्हणता. मिळते की. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते. तिथेच अस्सल तांब्याचा भाव विचारा आणि मग आमचं बिल बघा. उरलेला तुकडा तुमच्याकडे ठेवलाय, त्यातली तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर केबलचे सगळे पैसे परत.

स्पीडचा स्क्रीनशॉट तुम्हीच टाकलाय. त्यात नेटवर्कच्या नावाच्या शेवटी २.४ दिसतंय. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर वायफाय देतो, त्यांची दोन नावं आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली होती. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या इमारतीत स्कॅन केलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी स्क्रीन भरते आणि ते सगळे याच तिघांत कोंबलेले. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर दोन अँटेनांच्या जुन्या फोनला कागदावर १४४ मिळतात, हातात साधारण त्याच्या निम्मे, गर्दीत त्याहून कमी. तेव्हा तुमचे ५०-६० अगदी हिशेबात बसतात. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी मिळाली तर तशाच दोन अँटेनांना कागदावर ८६६ आहेत. ॲक्सेस पॉइंट तुमच्या खोलीतच आहे, भिंत मध्ये येत नाही. फोनमध्ये २.४चं नाव ‘फर्गेट’ करा, दुसऱ्याला जोडा आणि पुन्हा मोजा. मग २.४ ठेवलंच कशाला? तुमचा प्रिंटर आणि स्मार्ट प्लग त्याच्याशिवाय दुसरं काही ओळखत नाहीत.

आता नेट ये-जा करण्याचं. फोनवर मी स्वतः होतो. काही जणांचं झकास चालू, काहींच्या मोबाइलवर ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’. बंद पडलेल्या फोनचा आयपी, म्हणजे राउटरने त्याला दिलेला पत्ता, वाचून दाखवायला सांगितला, तर १९२.१६८.० ने सुरू होणारा. आम्ही बसवलेला राउटर देतो १९२.१६८.१ चे. तिथेच कळलं की घरात पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी बसलाय. नव्याने राहायला आलेल्या तुमच्या मित्राने त्याचा जुना राउटर रिकाम्या लॅन पोर्टात खोचला होता. कुठल्याही फोनने पत्ता मागितला की दोघेही उत्तर देतात, आणि ज्याचं आधी पोचलं त्याचं फोन ऐकतो. जुन्याचं ऐकलं की संपलं, कारण त्याच्या वॅन पोर्टात, जिथून बाहेरचं नेट आत येतं तिथे, काही नाहीच. तो काढा, फोनचं वायफाय बंद-चालू करा, असं सांगितलं आणि सगळे फोन चालू झाले. याला बोळवण म्हणत असाल तर म्हणा. माणसाने येऊनही हेच केलं असतं, वर तुम्हाला व्हिजिट चार्ज पडला असता.

पासवर्डबद्दल. वायफायचा पासवर्ड पाचही जणांकडे आहे. ॲडमिनचा फक्त ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांच्याकडे, कारण कंपनीला ओळखपत्र त्यांनी दिलंय आणि उद्या काही भानगड झाली तर पहिली विचारणा त्यांनाच होणार. शेअरिंगच्या घरात पाच ॲडमिन झाले की रात्री कुणीतरी कुणाचा तरी लॅपटॉप ब्लॉक करतो. अशी भांडणं सोडवायलाही आम्हाला बोलावणी आलेली आहेत. त्यांनी मेसेज करून सांगितलं तर तुम्हालाही देतो. कुणी खोली सोडून गेलं की वायफायचा पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला, आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या, ते चालू करून ठेवलंय.

चौकटी तपकिरी आणि पट्टी पांढरी, हे तुमच्या डोळ्यांत खुपतंय तर तपकिरी पट्टी आता आली आहे. बदलून देतो, फक्त पट्टीचे पैसे. आणि मित्राचा जुना राउटर फेकू नका. त्याचं डीएचसीपी, म्हणजे ते पत्ते वाटणं, बंद करून, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून दिला की लॅन पोर्टातच लावून बाहेरच्या गॅलरीसाठी ॲक्सेस पॉइंट म्हणून चालेल. दुकानात घेऊन या, त्याचे काही घेणार नाही. येताना ॲडॅप्टर आणा, तो हटकून घरी राहतो.