पांढरा पट्टा दिसला म्हणून लाखाचा माल होत नाही

यवतमाळ-वाशीमकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. कॉलेजच्या एनसीसी स्टोअरमध्ये किंवा भंगारात 'डीपी' (ड्रिल पर्पज, म्हणजे कवायतीपुरती) अशी अक्षरं ठोकलेली, पांढरे पट्टे मारलेली रायफल दिसली तर सोडू नका म्हणे. ती खास विलायतेत बनलेली दुर्मिळ प्रशिक्षण रायफल, तारेची गुंडाळी असेल तर दुप्पट किंमत, आणि गोळी सुटत नाही म्हणून परवान्याची गरज नाही!

फौजेची जुनी .303 रायफल झिजून कवायतीला काढली की तिच्यावर डीपी ठोकत आणि लाकडावर पांढरा पट्टा ओढत, म्हणजे कुणी चुकून खरं काडतूस भरू नये. बाद मालाची ही खूण. आणि ऑइल पेंटचा डबा पुसदच्या बाजारातही मिळतो बापा, पट्ट्यावर काय भरवसा ठेवायचा?

विलायतेचं म्हणाल, तर दस्त्याच्या मानेजवळचं लोखंड पुसून बघा. मुकुट आणि जी.आर.आय. (इंग्रज राजा जॉर्जची अक्षरं) यांच्या खाली बहुतेकदा इशापूरचं नाव निघतं, म्हणजे कोलकात्याजवळचा कारखाना. मॅगझिन (काडतुसांची पेटी) चौकोनी असेल तर ती 7.62 मिमी गोळीची '2ए' किंवा '2ए1' रायफल, 1962 च्या युद्धानंतरची. इंग्रज तोवर कधीच गेले होते.

तारेची गुंडाळी ग्रेनेड फेकायच्या रायफलीवर असे. त्या धक्क्यानं लाकूड फुटू नये म्हणून ती घालत. आपल्याकडे अशा रायफली ढिगानं झाल्या.

पारखण्यासारखं वेगळंच आहे. सरावाची .22 (बारीक गोळीची रायफल) बाहेरून हुबेहूब .303 दिसते. नळीच्या तोंडावर बॅटरी मारा; काहींत जुन्या नळीच्या पोटात बारीक नळी बसवलेली असते आणि जोडाचं कडं दिसतं, काहींना अख्खी नळीच नवी. पोलीस-पहारेकऱ्यांच्या .410 मस्केटला आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नसतातच, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. मग बोल्टची (काडतूस आत सारणारा दांडा) मूठ, सांगाडा आणि पुढची टोपी यांवरचे नंबर जुळवा. जुळले नाहीत तर ती चार रायफलींची खिचडी.

परवान्याची थाप मात्र माणसाला आत पाठवील. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या, मोडक्या हत्यारांना सूट देतं, पण दुरुस्ती करूनही जे चालणार नाही त्यालाच. डीपी शिक्क्यानं ते सिद्ध होत नाही. कायद्याच्या व्याख्येत सुटे भागही शस्त्रच, म्हणजे नुसता बोल्ट घरी आणला तरी भानगड. एनसीसी स्टोअरमधला माल तर सरकारी, तो विकणारा कोण?

छंदच असेल तर परवानगी घेऊन शिक्क्यांचे फोटो काढा, नंबर वहीत उतरवा. भंगारात दिसली तर हात न लावता ठाण्यात कळवा.