पाणीपातळी बघणं हा अविश्वास?

सर, लेख आवडला. पण ‘चिंता करणं म्हणजे देवावर अविश्वास’ हे तुमचं वाक्य काही पचलं नाही.

आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, ज्वारीचं पोतं भिजून गेलं. तेव्हापासून पावसाळा लागला की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय, हे मी प्रार्थनेच्या आधी बघते. (आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हे वाचू नये!) त्यात मुलाची कॉलेजची फी, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या.

बायबलमधल्या मत्तय ६ मध्ये प्रभू येशू चिंता करू नका, पाखरांकडे बघा म्हणतो, पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, रोजची भाकर मागायलाही तोच शिकवतो. गरज नसती तर मागायला कशाला सांगितलं असतं? आणि या गोष्टींची तुम्हाला गरज आहे हे पित्याला ठाऊक आहे, असंही पुढे आहेच. लेखात ते वचन राहून गेलं.

बायबलच्याच निर्गम १६ मधला मान्ना घ्या, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, हे सगळे सांगतात. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, शब्बाथासाठी म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, आणि तो नासला नाही. म्हणजे तरतूद वेगळी, रात्रभर कूस बदलत पडणं वेगळं. दुसरं माझ्याकडूनही होतं, नाही म्हणत नाही. पण म्हणून मी अविश्वासी?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका भिशी लावतात. प्रार्थना करूनच चिठ्ठी उचलतात.